उजाड गल्ली, रहिवासी आणि कुलपाची चावी: लिव्हरपूलच्या ग्रॅनबीची गोष्ट

मर्सीकाठ

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं लिव्हरपूलमध्ये राहतोय. इथल्या टॉक्स्टेथ भागात ग्रॅनबी नावाची वस्ती आहे. पडझडीला आलेल्या वस्तीत रहिवाशांनी सामायिक जागा स्वतः आखायची आणि स्वतःच चालवायची म्हणजे काय, हे समजून घ्यायला याहून चांगलं उदाहरण माझ्या पाहण्यात नाही. आपल्याकडे गिरणगावात, सोलापुरात, कित्येक शहरांच्या जुन्या पेठांत हाच प्रश्न उभा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

ग्रॅनबी स्ट्रीट हा एके काळचा गजबजलेला बाजाररस्ता. बंदराच्या शहरात जगभरातून आलेली माणसं इथे स्थिरावली. ब्रिटनमधल्या सर्वांत जुन्या कृष्णवर्णीय वस्त्यांपैकी ही एक. बंदराचं काम आटलं, बेकारी वाढली, पोलिसांच्या जाचाचा राग साठत गेला आणि जुलै १९८१ मध्ये दंगल पेटली. त्यानंतर अर्थमंत्री जेफ्री हाऊ यांनी पंतप्रधान थॅचर यांना कळवलं होतं की लिव्हरपूलवर फार पैसा ओतू नये, शहराला शिस्तीत उतरणीला लागू देण्याचा पर्यायही विचारात असावा. हे कागद ३० वर्षांनी, २०११ मध्ये खुले झाले. इथल्या म्हाताऱ्या माणसांना मात्र त्याची खबर केव्हाच लागलेली होती. दुकानं बंद पडत होती, कौन्सिल, म्हणजे इथली महापालिका, एकेक घर ताब्यात घेऊन दारं-खिडक्या पत्रे ठोकून बंद करत होतं आणि मग त्या ओळी पाडल्या जात होत्या. २००२ मध्ये आलेल्या सरकारी नूतनीकरण योजनेचाही मुख्य भर पाडकामावरच राहिला. अखेरीस जुन्या वस्तीतल्या चार गल्ल्या तेवढ्या उरल्या, आणि त्यातलीही बहुतेक घरं रिकामी.

पुढची सुरुवात एखाद्या आराखड्याने झाली असती तर मी हा धागा काढलाच नसता. उरलेल्या मोजक्या रहिवाशांनी, आणि त्यात पुढे होत्या बायका, रस्ता झाडायला घेतला. कचरा उचलला, मिळेल त्या भांड्यात माती भरून फुटपाथवर झाडं लावली, बंद घरांचे पुढचे भाग रंगवले, पत्र्यांवर खिडक्या आणि पडदे चितारले. रस्त्यावर टेबलं मांडली. त्यातून केर्न्स स्ट्रीटवर, म्हणजे त्या चारांपैकी एका गल्लीत, महिन्याचा बाजार भरू लागला: जुने कपडे, घरचे केक, कॅरिबियन जेवण, रोपं. कुणी परवानगी मागत बसलं नाही, कारण परवानगी देणाऱ्यांच्या लेखी ती गल्ली संपलेलीच होती.

२०११ मध्ये त्यांनी कम्युनिटी लँड ट्रस्ट काढला. म्हणजे वस्तीचा जमीन-न्यास: जमीन न्यासाच्या नावावर, न्यास रहिवाशांच्या हातात, आणि ती बाजारभावाने विकता येणार नाही अशी तजवीज. कौन्सिलने केर्न्स स्ट्रीटवरची दहा घरं एकेका पौंडाला न्यासाला दिली. मग असेम्बल हा लंडनचा तरुण वास्तुरचनाकारांचा गट आला. घरं दुरुस्त झाली. काही भाड्याने दिली, काही विकली. किंमत शहरातल्या सामान्य मिळकतीशी बांधलेली, पुढच्या विक्रीलाही तेच बंधन. पाडकामातल्या विटांचा चुरा वापरून शेकोटीच्या चौकटी बनवल्या, त्यातून ग्रॅनबी वर्कशॉप नावाचा छोटा कारखाना उभा राहिला. २०१५ मध्ये असेम्बलला टर्नर पारितोषिक मिळालं. आधुनिक कलेचं एवढं मोठं पारितोषिक घरं आणि गल्ली दुरुस्त करण्याच्या कामाला, यावर इथे खूप चर्चा झाली.

मला स्वतःला सगळ्यांत जवळची वाटते ती विंटर गार्डन. दोन जोडघरं इतकी खचली होती की घर म्हणून दुरुस्त करणं परवडणारं नव्हतं. त्यांना पाडायच्या ऐवजी आतले मजले काढून टाकले आणि वर काचेचं छप्पर घातलं. २०१९ मध्ये ती बाग उघडली. गल्लीतून पाहिलं तर इतरांसारखंच विटांचं घर, दारातून आत गेलं की थेट छपरापर्यंत मोकळी उंची आणि जमिनीत लावलेली झाडं. शेजारी बैठकीची खोली, आणि पाहुण्या कलाकारांना राहायला जागा. उत्तर इंग्लंडच्या हिवाळ्यात दुपारी चारला अंधार पडतो. अशा ठिकाणी पैसे न मोजता चार माणसांत बसता येईल अशी उबदार जागा असणं ही किती मोठी गोष्ट आहे ते इथे राहिल्यावर कळतं.

मला जे म्हणायचंय ते असं. रहिवाशांना ‘तुम्हाला काय हवं’ विचारून आराखडा करणं आता सगळीकडे चालतं. जागा टिकते की नाही हे त्यावर ठरत नाही. कुलपाची चावी कुणाकडे, पाण्याचं बिल कोण भरतं आणि जमिनीचा कागद कुणाच्या नावावर, या तीन गोष्टींवर ठरतं. ग्रॅनबीत या तिन्ही गोष्टी हळूहळू रहिवाशांच्या हातात आल्या, आणि रचनाकार त्यानंतर आले.

तुमच्या भागात असं काही झालंय का? जमलं असेल तर कसं, आणि मोडलं असेल तर नेमकं कुठे?

काळाचौकीकर

लेख आवडला, पण एका बाबतीत स्पष्ट असहमत. ग्रॅनबीत घर एका पौंडाला मिळालं कारण तिथल्या जमिनीला भाव उरला नव्हता. आमच्या गिरणगावात माणसं उतरणीला लागली आणि जमीन चढणीला.

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, त्यातले किती तरी पुन्हा गिरणीत गेलेच नाहीत. १९९१ च्या विकास नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीची तीन वाटण्यांची तरतूद होती: एक मालकाला, एक म्हाडाच्या घरांना, एक महापालिकेला मोकळ्या जागांसाठी. २००१ मध्ये नियम बदलला आणि वाटणी फक्त रिकाम्या पडलेल्या जमिनीची करायची असं ठरलं. गिरण्यांच्या आवारात मोकळी जमीन असते किती? सगळ्या शेड आणि गोदामं. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम ठेवला. सहाशे एकरांच्या घरात जमीन होती. मुलांना खेळायला त्यातलं काय आलं ते परळ-लालबागमध्ये फिरून बघा.

आमच्याकडे सामायिक जागा नव्हत्या असं नाही. चाळीचं पटांगण, व्यायामशाळा, वाचनालय, भजनी मंडळाची खोली, हे सगळं रहिवाशांनीच चालवलं, वर्गणीवर. रात्रपाळीहून आलेला माणूस दिवसा पटांगणात झोपायचा, कारण खोलीत आठ-दहा जण. चाळ पुनर्विकासाला जाते तेव्हा करारात प्रत्येकाच्या खोलीचे चौरस फूट लिहिलेले असतात. पटांगणाचे नसतात. मोबदल्यात पोडियमवरची, म्हणजे पार्किंगच्या मजल्यांच्या गच्चीवरची, बाग मिळते, आणि तिचा देखभाल खर्च ऐकून जुना भाडेकरू घर विकून बदलापूरला जातो.

मर्सीकाठ

काळाचौकीकर, तुमचा मुद्दा मान्य. भाव असलेल्या जमिनीवर ही लढाई कितीतरी अवघड आहे. पुनर्विकासाच्या करारात सामायिक जागेचं क्षेत्रफळ आणि तिच्या देखभालीचा खर्च दोन्ही लिहून घेतल्याचं उदाहरण कुणाला माहीत आहे का?

रेघोटी

मी वास्तुरचनाकार आहे, वस्त्यांमध्येच काम करते. करारात क्षेत्रफळ येतं, पण बहुतेक वेळा कागदावर बसवण्यापुरतं. पुढे त्या जागेत पार्किंग उभं राहतं.

मुंबईतलं एक उदाहरण जरूर पाहण्यासारखं आहे: गोवंडीचं नटवर पारेख कंपाऊंड. रस्ते-प्रकल्पांमुळे हलवलेल्या कुटुंबांसाठी बांधलेली पुनर्वसन वसाहत. इमारती एकमेकींना इतक्या खेटून की खालच्या मजल्यांवर दिवसाही दिवा लावावा लागतो. २०१८ मध्ये आलेल्या एका अभ्यासाने तिथल्या आणि शेजारच्या लल्लूभाई कंपाऊंडमधल्या क्षयरोगाचा संबंध थेट उजेड आणि हवेच्या अभावाशी जोडला होता. दोन इमारतींमधल्या गल्ल्या कचऱ्याने भरलेल्या, कारण वरून पिशवी खाली टाकणं हाच सोपा मार्ग. कम्युनिटी डिझाइन एजन्सी या संस्थेने रहिवाशांबरोबर तिथल्या मोकळ्या जागांवर काम केलं. किताब महल नावाचं मुलांचं वाचनालय उभं राहिलं आणि २०२३ मध्ये त्याच आवारात गोवंडी कला महोत्सव झाला. गोवंडी म्हटलं की डम्पिंग ग्राउंड एवढंच ऐकत आलेल्या मुलांनी आपल्याच भिंतींवर आपल्या गोष्टी मांडल्या.

आता कामाच्या पद्धतीबद्दल. बैठक बोलावून ‘काय हवं’ विचारलं की उत्तर ठरलेलं: बाग, कारंजं, ओपन जिम, उंच खांबावरचा हायमास्ट दिवा. माणसं तेच सांगतात जे त्यांनी दुसरीकडे पाहिलेलं असतं. त्यापेक्षा त्या जागेत सकाळी, दुपारी आणि रात्री जाऊन बसावं. पाणी कधी येतं, हंडे कुठे ठेवले जातात, मुलं कुठल्या पायरीवर बसतात, कुत्री कुठे झोपतात, कुठल्या कोपऱ्यावरून बायका झपझप पुढे जातात. एकदा आम्ही एका पटांगणात खऱ्या मापाने चुन्याच्या रेघा मारल्या: इथे कट्टा, इथे झाड, इथे खेळायची जागा. दोन दिवस तसंच ठेवलं. कागदी नकाशाला सगळ्यांनी मान डोलावली होती. चुना पडल्यावर तिसऱ्या घरातल्या आजी बाहेर आल्या आणि म्हणाल्या, इथे कट्टा झाला तर माझा पापड वाळवायचा ऊन्हाचा तुकडा जातो. कट्टा चार फूट सरकला. आता त्याच कट्ट्यावर त्या पापड वाळवतात आणि मुलांना हाकलतही नाहीत.

चाटीगल्ली

सोलापूरहून लिहितोय. धागा अगदी वेळेवर आलाय, म्हणून आमचंच सांगतो आणि सल्ला मागतो.

आमचं गाव गिरण्यांचं. १८७७ ची जुनी मिल, नरसिंग गिरजी, लक्ष्मी-विष्णू... सगळ्या बंद. पूर्व भागात यंत्रमाग आहेत, पण त्यांची धडधडही कमी होत चाललीय. तरुण पोरं पुण्याला, हैदराबादला. आमच्या वसाहतीत मधोमध एक मोकळा प्लॉट आहे, लेआउटमध्ये खुली जागा म्हणून दाखवलेला. आधी तिथे उकिरडा होता. मग निधीतून पेव्हर ब्लॉक बसले, कुंपण झालं आणि ओपन जिमची यंत्रं आली. उद्घाटनाला मांडव होता. वर्षभरात सायकलिंगच्या यंत्राचं पॅडल गेलं, चालण्याच्या यंत्राचं बेअरिंग अडकलं. बोल्ट इतके गंजलेत की पान्याला दाद देत नाहीत. तक्रार केली की या खात्यातून त्या खात्यात. गेटला कुलूप, आणि त्याची चावी ज्याच्याकडे होती तो गृहस्थ घर बदलून गेला. मुलं कुंपणाच्या वाकलेल्या गजातून आत जातात.

एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४४ च्या घरात, आणि पूर्ण जागेत सावली देणारं एक झाड नाही. यंत्राच्या दांडीला हात लावला तर चटका बसतो. कुणीतरी कधीतरी आम्हाला विचारलं असतं तर आम्ही एवढंच मागितलं असतं: चार कडुनिंब, एक पाण्याचा नळ, आणि बसायला जागा.

आता आम्ही काही जण एकत्र येतोय. कुठून सुरुवात करावी?

हडसनपार

न्यूयॉर्कच्या बाजूला राहते. इथला अनुभव तुमच्या ‘कुठून’ला उपयोगी पडावा. १९७० च्या दशकात शहर दिवाळखोरीच्या काठावर होतं, लोअर ईस्ट साइडमध्ये घरमालक इमारती सोडून जात होते, जळक्या प्लॉटांवर डेब्रिजचे ढीग. १९७३ मध्ये लिझ ख्रिस्ती आणि तिच्या ‘ग्रीन गेरिला’ मंडळींनी बावरी आणि ह्यूस्टनच्या कोपऱ्यावरचा एक प्लॉट साफ करून बाग केली. पुढच्या वर्षी शहराने तो महिना एक डॉलर भाड्याने दिला. ती बाग आजही आहे, तिच्याच नावाने. अशा शेकडो बागा झाल्या. पोर्तो रिकोहून आलेल्या लोकांनी बागांमध्ये गावाकडच्यासारख्या लाकडी खोपट्या बांधल्या, तिथे डॉमिनो चालायचा, वाजप चालायचं.

मग वस्ती सुधारली, जमिनीचे भाव चढले आणि १९९९ मध्ये महापौर जुलियानी यांनी शंभरावर बागा लिलावात काढल्या. बेट मिडलर या अभिनेत्रीची संस्था आणि एक जमीन-संरक्षण संस्था यांनी मिळून त्या विकत घेतल्या म्हणून वाचल्या. सगळ्या काही वाचल्या नाहीत. एस्पेरान्झा नावाची बाग २००० मध्ये बुलडोझरखाली गेली. ज्या माणसांनी वस्ती राहण्याजोगी केली त्यांच्याच बागा वस्ती राहण्याजोगी झाल्यावर धोक्यात आल्या. म्हणून मर्सीकाठ म्हणतात तो कागद पहिल्या दिवसापासून डोक्यात ठेवा. गवत कापताना कुणाला कागद आठवत नाही.

आणखी एक. शहराच्या जमिनीवरच्या बागांना ठराविक तास गेट सगळ्यांसाठी उघडं ठेवावंच लागतं. मला हा नियम फार योग्य वाटतो. नाहीतर सार्वजनिक जागा दहा घरांची खासगी होऊन बसते.

करदाता

मला एक मूलभूत शंका आहे. मालमत्ता कर आम्ही भरायचा, आणि झाडूही आम्हीच मारायचा? पालिकेचं काम रहिवाशांवर ढकलण्याला ‘लोकसहभाग’ म्हटलं की सगळे खूश. ब्रिटनमध्ये सरकारने खर्च कापला आणि वाचनालयं स्वयंसेवकांच्या गळ्यात टाकली, हे तुम्हीच जवळून पाहत असाल. शिवाय अशी कामं सगळीकडे तेच चार जण करतात. ते थकले की संपलं.

मर्सीकाठ

करदाता, शंका रास्त आहे आणि ग्रॅनबीतही ती जिवंत आहे. तिथल्या बायकांनी किती तरी वर्षं बिनपगारी काम केलं, आणि जगात नाव झालं ते रचनाकारांचं. मला हे खटकतं. माझं मत असं की गटार, रस्त्यावरचा दिवा, कचरा उचलणं ही कामं पालिकेचीच. ती कोणत्याही मंडळाने अंगावर घेऊ नयेत. पण जागेत काय चालावं, कधी उघडावी, कट्टा कुठे असावा, यातलं पालिकेला कळत नाही आणि कळणारही नाही. तो अधिकार रहिवाशांचा, आणि त्यासाठी लागणारा खर्च पालिकेने द्यावा. रोजची झाडलोट आणि पाणी घालण्याला पगारी माणूस हवा, शक्यतो त्याच वस्तीतला. ‘तेच चार जण’ थकतात ते फुकट राबून.

सावलीतला कट्टा

चाटीगल्ली, तुमच्या बैठकीत बायका किती आहेत?

आमच्या भागात ज्येष्ठ नागरिकांचा कट्टा झाला. सकाळी आठपासून रात्री दहापर्यंत तिथे पुरुष. पत्ते, पेपर, राजकारण. कुणी वाईट वागत नाही, कुणी काही बोलत नाही, तरी एकही बाई तिथे बसत नाही. सगळी बाकं एका ओळीत रस्त्याकडे तोंड करून बसवलेली. बसलं की आपण सगळ्या रस्त्याला दिसतो. आम्ही मागे लागून दोन बाकं समोरासमोर करून घेतली, झाडाच्या आतल्या बाजूला. आता संध्याकाळी तिथे बायका बसतात, निवडायची भाजी घेऊन येतात. खर्च झाला तो दोन बाकं उपटून पुन्हा बसवण्याचा.

दुसरं स्वच्छतागृह. त्याशिवाय मुलीबाळींना, म्हाताऱ्यांना तिथे अर्ध्या तासापेक्षा जास्त थांबता येत नाही. आराखड्यात ते शेवटी येतं आणि पैसे संपले की पहिलं गळतं. ते पहिल्या ओळीत लिहा. आणि त्याची चावी बाईकडे ठेवा.

पावतीपुस्तक

कागदाबद्दल विचारणा आहे म्हणून लिहितो. या क्षेत्रात आयुष्य गेलं.

आपल्याकडे ग्रॅनबीसारखा जमीन-न्यासाचा वेगळा कायदा नाही, पण हातात काहीच नाही असंही नाही. महाराष्ट्रात मंडळ १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदवलं की १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही येतं. त्याच्या कलम ३६ प्रमाणे न्यासाची स्थावर मालमत्ता धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय विकता येत नाही, दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्यानेही देता येत नाही. बहुतेक मंडळांना ही कटकट वाटते. मला ती जागेची तटबंदी वाटते.

सोलापूरच्या प्लॉटची मालकी न्यासाकडे येणार नाही, ती खुली जागा आहे आणि खुलीच राहिली पाहिजे. तुम्हाला हवा आहे तो देखभालीचा लेखी करार. त्यात चार गोष्टी बघा: मुदत, करार मोडायची रीत, पाणी-विजेचं बिल कुणाकडे, आणि जागेत बांधकाम, कायमचा मंडप किंवा प्रवेश फी यांना स्पष्ट मनाई. मुंबईत मोकळ्या जागा दत्तक देण्याच्या धोरणावरून २०१६ पासून वाद चालू आहे. लोकांचा आक्षेप यालाच होता की दत्तक म्हणून घेतलेल्या मैदानांवर क्लब उभे राहिले आणि सामान्य माणसाला दार बंद झालं. २०२३ च्या मसुद्यालाही त्याच कारणाने विरोध झाला. तेव्हा करार घेणारे तुम्ही असलात तरी स्वतःवर बंधनं घालून घ्या.

हिशेब दर महिन्याला फळ्यावर लिहा. गणेशोत्सव मंडळं चालवलेल्या माणसांना सांगायला नको, मंडळ फुटतं ते पावत्यांवरून.

पवनारकडचा

जमीन-न्यासाचा उल्लेख आला म्हणून राहवत नाही. ही कल्पना अमेरिकेत १९६९ मध्ये जॉर्जिया राज्यातल्या ऑल्बनीजवळ पहिल्यांदा प्रत्यक्षात आली. नागरी हक्कांच्या चळवळीत भाग घेतला म्हणून जमिनीवरून हुसकलेल्या कृष्णवर्णीय शेतकऱ्यांसाठी ‘न्यू कम्युनिटीज’ नावाने हजारो एकर जमीन एकत्र घेतली गेली. ती आखणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर ज्या गोष्टी होत्या त्यात विनोबांचं ग्रामदान होतं. १९५१ मध्ये पोचमपल्लीला भूदान सुरू झालं, पुढे ग्रामदान आलं: जमिनीची मालकी ग्रामसभेकडे, कसणं कुटुंबाकडे. तो विचार जॉर्जियात गेला आणि अनेक वर्षांनी मर्सी नदीकाठच्या लिव्हरपूलमधल्या एका कृष्णवर्णीय वस्तीत पोचला.

आपल्याकडेही तो संपलेला नाही. गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावाने २००९ मध्ये जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवला आणि २०१३ मध्ये ग्रामदानाचा ठराव केला. तिथे निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वसहमतीने होतात. एकाचा विरोध असला तरी विषय पुढे ढकलतात आणि पुन्हा बोलतात. वेळ लागतो. पण ठरलेलं मोडायला कुणी उरत नाही. शहरातल्या एका प्लॉटसाठी हे जमेल, कारण माणसं मोजकी असतात.

काळाचौकीकर

पवनारकडचा, ही माहिती मला नवी आहे, आभार. सर्वसहमतीबद्दल मात्र मनात भीती आहे. आमच्या चाळीत एका खोलीवाल्याने सात वर्षं वाचनालयाचं नूतनीकरण अडवलं. प्रत्येकाला नकाराधिकार दिला की तो वापरणारा कुणीतरी निघतोच.

रेघोटी

काळाचौकीकर, यावर बॉस्टनच्या डडली स्ट्रीटकडे बघा. रॉक्सबरी भागातली होरपळलेली वस्ती, शेकडो प्लॉट रिकामे, बाहेरचे ट्रक रात्री येऊन कचरा टाकायचे. १९८४ मध्ये संस्था निघाली. सुरुवातीच्या कार्यकारिणीत रहिवाशांना मूठभर जागा होत्या. सभेतच लोकांनी विचारलं, हे ठरवणारे तुम्ही कोण? मग रचना बदलली. रहिवाशांचं बहुमत, आणि वस्तीतल्या चार मुख्य समाजांना लोकसंख्या कमी-जास्त असली तरी सारख्याच जागा. नियमित निवडणूक. १९८८ मध्ये शहराने त्यांना रिकामे खासगी प्लॉट सक्तीने संपादित करण्याचा अधिकारही दिला. सर्वसहमती जमत नसेल तिथे निदान कुणाचाही आवाज संख्येखाली दबू नये, एवढी सोय करता येते.

चाटीगल्ली, पुण्यात पालिका २००६-०७ पासून अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामं मागवते. सोलापुरात तशी सोय नसली तरी अंदाजपत्रक तयार होण्याआधी लेखी मागणी देऊन पोच घ्या. मार्चनंतर गेलेला अर्ज वर्षभर पडून राहतो.

चाटीगल्ली

सगळ्यांचे मनापासून आभार. काल चौघांनी बसून ठरवलं ते लिहितो, दुरुस्त्या सांगा.

नवं काही मागायच्या आधी जागा झाडायची आणि कुलूप काढून टाकायचं. पाऊस सुरू झाला की कडुनिंब आणि करंज लावायचे. टँकरच्या पाण्यावर मे महिन्यात झाडं लावून ती जगवण्यात अर्थ नाही. गंजलेली यंत्रं काढून न्यायचं पत्र पालिकेला. रेघोटींचा चुन्याचा प्रयोग करणार आहोत, चुना कोपऱ्यावरच मिळतो. स्वच्छतागृहाची मागणी अर्जात पहिल्या ओळीत. देखभाल कराराचा मसुदा पावतीपुस्तक काकांनी बघून दिला तर फार बरं होईल.

पहिली बैठक येत्या बुधवारी संध्याकाळी सात वाजता, मारुतीच्या देवळासमोर. बायकांनाही बोलावतोय.

पावतीपुस्तक

मसुदा पाठवा, बघतो. शेवटच्या पानावर मालमत्तेची यादी जोडा: किती बाकं, किती झाडं, कुठला नळ. पुढे वाद झाला की तेच पान लागतं.

सावलीतला कट्टा

चाटीगल्ली, सात वाजता स्वयंपाकाची वेळ. आणि देवळासमोर बैठक म्हटलं की वस्तीतली काही घरं येणारच नाहीत, प्लॉटमध्येच घ्या. तुमच्याकडे विडी वळणाऱ्या बायका असतील ना? त्यांना कुठली वेळ मोकळी असते ते आधी विचारा.

चाटीगल्ली

आहेत, दर दोन घरांमागे एक तरी. सकाळी त्या कारखान्यात विड्या द्यायला आणि पान-तंबाखू आणायला जातात, दुपारभर वळत बसतात. आजच शेजारच्या अक्कांना विचारलं. त्या म्हणाल्या, रविवारी चारनंतर ठेवा, सूप मांडीवर घेऊनच येऊ, हात चालू राहतील आणि ऐकूही. सूचना मराठीबरोबर तेलुगूत आणि उर्दूतही लिहायला सांगितलंय. बुधवार रद्द. रविवारी साडेचार, प्लॉटमध्येच, पाण्याच्या टाकीच्या सावलीत.